न वितळणाऱ्याला घडवायचे कसे?

वर्गात ‘कार्बाइड’ हा शब्द उच्चारून पाहा. बहुतेक मुलांना आंबेच आठवतील. आंबे झटपट पिकवण्यासाठी चोरून वापरली जाणारी, कायद्याने बंदी असलेली ती राखाडी पूड म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. तिला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू निघतो. याच वायूवर एके काळी खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे जळत.

पण कार्बाइड हे एका पदार्थाचे नाव नाही, ते एका घराण्याचे नाव आहे. कार्बनचे एखाद्या धातूशी किंवा सिलिकॉन, बोरॉन यांसारख्या मूलद्रव्याशी झालेले संयुग म्हणजे कार्बाइड. या घराण्यातली काही मंडळी पाण्याच्या थेंबाने विरघळतात, तर काही अशी आहेत की त्यांच्या पुढे उष्णताही हात टेकते. लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सियसला वितळते आणि २८६२ अंशांना चक्क उकळू लागते. हाफ्नियम कार्बाइड मात्र त्याच्याही पुढे हजार अंश घनरूपातच राहते. ज्या उष्णतेत लोखंडाची वाफ झालेली असते, त्या उष्णतेत हा पदार्थ जागचा हलत नाही.

इथे एक साधा प्रश्न विचारता येईल. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम आपण वितळवतो, साच्यात ओततो आणि हवा तो आकार घेतो. जो पदार्थ जवळजवळ चार हजार अंशांपर्यंत वितळतच नाही, तो ओतायचा कसा? त्यासाठी भांडे कशाचे घ्यायचे? ग्रॅफाइटची मूस घेतली तर तीही त्या तापमानाला झिजून वाफ होऊ लागते, आणि आपला कार्बन आतल्या पदार्थात मिसळते. बरे, कसाबसा आकार दिलाच, तर दुसरे संकट उभे राहते. हे पदार्थ अतिशय कठीण असतात, पण चिनी मातीच्या कपासारखे ठिसूळही असतात. हातातून पडले की दोन तुकडे.

घडवायचे कसे आणि फुटू द्यायचे नाही कसे, या दोन प्रश्नांशी माणूस गेली सुमारे एकशे तीस वर्षे झुंजतो आहे. त्या झुंजीची ही गोष्ट.

हिरा शोधता शोधता

सन १८९१. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एडवर्ड ॲचिसन नावाचा एक हरहुन्नरी गृहस्थ कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत होता. पूर्वी त्याने एडिसनच्या हाताखाली काम केलेले होते, त्यामुळे विजेशी चांगली ओळख. त्याने लोखंडाच्या एका वाडग्यात चिकणमाती आणि कोकची पूड कालवून भरली, मधोमध कार्बनची कांडी खोचली आणि वाडगे व कांडी यांमधून जोरदार विद्युतप्रवाह सोडला. सगळे थंड झाल्यावर कांडीच्या टोकाला काही चमकदार बारीक स्फटिक चिकटलेले दिसले. त्याने ते काचेवर ओढून पाहिले, तर काचेवर ओरखडा उठला.

हा हिरा नव्हता. मातीतले सिलिकॉन आणि कोकमधला कार्बन एकत्र येऊन सिलिकॉन कार्बाइड तयार झाले होते. ॲचिसनला मात्र वाटले की कार्बन आणि कोरंडम यांचे हे संयुग असावे, म्हणून त्याने नाव ठेवले ‘कार्बोरंडम’. कोरंडम म्हणजे आपला कुरुंदाचा दगड; इंग्रजी शब्दच मुळी भारतीय भाषांतून गेलेला आहे. समजूत चुकीची ठरली, तरी नाव टिकले. आज धार लावण्याच्या चाकात आणि पॉलिश कागदात हाच पदार्थ असतो.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ हा रसायनशास्त्रज्ञही हिऱ्याच्याच मागे होता. १८९२ मध्ये त्याने एक विद्युतभट्टी तयार केली. चुन्याचे दोन ठोकळे एकमेकांवर ठेवलेले, आत कार्बनच्या दोन कांड्या आणि त्यांच्यामध्ये विजेची ज्योत. या साध्या दिसणाऱ्या भट्टीत सुमारे साडेतीन हजार अंशांपर्यंत तापमान मिळू लागले. एवढी उष्णता रसायनशास्त्रज्ञांच्या हाती यापूर्वी कधी आलीच नव्हती. म्वासाँने एकेक धातू कार्बनबरोबर या भट्टीत घातला आणि टंगस्टन, टायटॅनियम, झिर्कोनियम अशा कितीतरी धातूंची कार्बाइडे तयार केली. त्याला मिळालेले बारीक स्फटिक हिरेच आहेत असे त्याचे मत होते. आज ते सहसा मानले जात नाही. पण १९०६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, आणि त्याचा गौरव करताना या भट्टीचा खास उल्लेख झाला.

टंगस्टन कार्बाइड काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल जाणाऱ्या पदार्थांत बसत होते. पण वितळवून ओतलेला तुकडा इतका ठिसूळ निघे की त्याचे हत्यार करणे अशक्य. पुढची तीस वर्षे हे गुणी बाळ कपाटातच पडून राहिले.

चिक्कीची युक्ती

त्याला कपाटातून बाहेर काढले ते विजेच्या दिव्याने. दिव्यातली टंगस्टनची तार केसाहून बारीक असते. सोनार जंतराच्या पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून सोन्याची तार ओढतो, तशीच ही तारही ओढावी लागते. टंगस्टन इतका कठीण की ती भोके हिऱ्यातच पाडावी लागत. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला हिरे परवडेनात. हिऱ्याला पर्याय शोधणे भाग पडले.

बर्लिनमध्ये ओस्राम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत कार्ल श्रोटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्बाइड वितळवण्याचा नाद सोडला. त्यांनी टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड घेतली, तिच्यात थोडी कोबाल्ट धातूची पूड मिसळली, मिश्रण दाबून त्याचा आकार केला आणि १४०० ते १५०० अंशांच्या आसपास भाजले. १९२३ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज झाला.

यात काय घडते ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने मुलांना सांगता येईल. शेंगदाण्याची चिक्की करताना आपण दाणे वितळवत नाही, गूळ वितळवतो. पातळ गूळ दाण्यांच्या फटींत शिरतो आणि थंड झाला की सगळे एकसंध होते. इथे कार्बाइडचे कण म्हणजे दाणे आणि कोबाल्ट म्हणजे गूळ. एक फरक मात्र मोठा आहे. थंड झालेला गूळ कडक आणि ठिसूळ असतो. कोबाल्ट धातूच असल्याने तो थोडा ताणला, वाकला जातो. एखाद्या कणात तडा गेला तर तो पुढच्या कणात शिरण्याआधी मधला कोबाल्ट त्याला खेचून धरतो. कठीण कणांनी काठिण्य दिले, मऊ धातूने चिवटपणा दिला.

क्रुप कंपनीने १९२६ मध्ये हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचा तो संक्षेप. लेथवर काम करणाऱ्या कारागिरांच्या तोंडी हे नाव आजही ऐकू येते. आपल्या गावात काळ्या पाषाणात बोअर मारताना पाहिले असेल, तर त्या बिटच्या तोंडावर बसवलेल्या गोल गुंड्या आठवा. त्या टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांच्याच असतात. दख्खनच्या बसाल्टमधून पाण्यापर्यंत पोचण्याचे काम श्रोटरची युक्ती करते आहे.

पण या युक्तीची मर्यादा तिच्या नावातच आहे. उन्हात चिक्की मऊ होते. कोबाल्टही हजार अंशांच्या आसपास नरमतो. दाणे कितीही खंबीर असले तरी गूळच पातळ झाल्यावर उपयोग काय? दोन-तीन हजार अंशांत वापरायचे असेल, तर धातूचा आधार सोडावा लागणार होता.

सर्वांत शेवटी वितळणारा कोण?

१९३० मध्ये आग्ते आणि आल्टरटुम या जर्मन संशोधकांनी टँटलम कार्बाइड आणि हाफ्नियम कार्बाइड यांची वेगवेगळ्या प्रमाणांतली मिश्रणे तापवून पाहिली. चार भाग पहिले आणि एक भाग दुसरे असे मिश्रण ३९४२ अंशांना वितळते, असे त्यांनी नोंदवले. पुढची कित्येक दशके हाच आकडा विक्रम म्हणून पुस्तकांत छापला जात होता.

२०१६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी लेसरने तापवून हीच मोजणी पुन्हा केली. लेसरचा फायदा असा की नमुन्याचा लहानसा भागच वितळतो, आणि भोवतीचा घन भाग हेच त्याचे भांडे होते. निष्कर्ष वेगळा निघाला. मिश्रणापेक्षा शुद्ध हाफ्नियम कार्बाइडचाच वितळणबिंदू वर होता, ३९५८ अंश, सुमारे ८४ अंश इकडेतिकडे धरून. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात संगणकावर केलेल्या गणिताने हाफ्नियम, कार्बन आणि नायट्रोजन यांचा विशिष्ट संयोग ४१०० अंशांच्याही पुढे जाईल असे भाकीत केले होते.

हे आकडे मुलांना आवडतात, आवडावेतही. पण वितळणबिंदू उंच असला म्हणजे पदार्थ टिकाऊ झाला, असा समज मात्र होऊ देऊ नये. हा धडा रॉकेटवाल्यांना फार महागात शिकावा लागला.

अमेरिकेत १९५५ ते १९७३ या काळात अणुऊर्जेवर चालणाऱ्या रॉकेटचा मोठा प्रकल्प चालू होता. अणुभट्टीत हायड्रोजन वायू दोन हजार अंशांच्या वर तापवायचा आणि मागे फेकायचा, ही कल्पना. इंधनाच्या कांड्या ग्रॅफाइटच्या होत्या, पण तप्त हायड्रोजन ग्रॅफाइट खाऊन टाकतो. म्हणून कांड्यांवर नायोबियम कार्बाइडचा, पुढे झिर्कोनियम कार्बाइडचा लेप दिला. लेप वितळला नाही. पण तापताना आणि निवताना ग्रॅफाइट आणि कार्बाइड सारखे प्रसरण-आकुंचन पावत नाहीत. या ओढाताणीत लेपाला बारीक तडे गेले आणि त्या तड्यांतून हायड्रोजन आत शिरला. १९७२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात झालेल्या चाचणीत पूर्णपणे कार्बाइडच्या केलेल्या कांड्याही तपासल्या गेल्या. त्यांनाही तडे गेले. त्यांच्याबरोबर तपासलेल्या, कार्बाइड आणि ग्रॅफाइट एकमेकांत मुरवून केलेल्या संमिश्र कांड्या तडे न जाता राहिल्या. सर्वांत उंच वितळणबिंदूच्या शुद्ध पदार्थापेक्षा मिश्रण सरस ठरले.

तडा कसा धावतो?

तडा हाच खरा शत्रू आहे हे इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान कारखान्यात ए. ए. ग्रिफिथ या तरुण अभियंत्याने १९२० मध्येच दाखवून दिले होते. अणूंमधल्या बंधांवरून हिशेब केला तर काच जितकी मजबूत निघते, त्याहून प्रत्यक्षात ती कितीतरी दुबळी असते. असे का? ग्रिफिथने सांगितले, काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा आधीच असतात. ओढ पडली की सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. चिर एका मर्यादेपलीकडे वाढली की मग ती थांबत नाही. लोखंडात असे झाले तर टोकाजवळचा धातू थोडा वाकतो आणि चिर बोथट होते. काचेत आणि कार्बाइडमध्ये अणू जागा सोडत नाहीत, म्हणून चिर सरळ आरपार जाते. जे बंध वितळू देत नाहीत तेच वाकूही देत नाहीत.

मग उपाय काय? चिर होऊच द्यायची नाही हा एक उपाय, पण तो पुरा पडत नाही. दुसरा उपाय चिरेची वाट अडवण्याचा किंवा वळवण्याचा. १९६४ मध्ये कुक आणि गॉर्डन यांनी मांडले की ठिसूळ पदार्थाच्या आत मुद्दाम कच्चे सांधे ठेवले, तर धावत आलेली चिर त्या सांध्यात वळते आणि तिचा जोर तिथेच संपतो. पदार्थ मजबूत करण्यासाठी त्यात कमजोर जागा ठेवायच्या! ऐकायला उलटे वाटते. पण १९९० मध्ये इंग्लंडमधल्या क्लेग आणि सहकाऱ्यांनी हे अगदी सोप्या रीतीने करून दाखवले. सिलिकॉन कार्बाइडच्या पुडीच्या पातळ पोळ्या लाटल्या, प्रत्येकीवर ग्रॅफाइटचा हात फिरवला, एकावर एक रचून भाजल्या. एकसंध तुकड्याच्या तुलनेत या थरांच्या तुकड्याचा चिवटपणा चौपटीहून अधिक निघाला, आणि तो पूर्ण तोडायला लागणारी ऊर्जा सुमारे शंभर पट.

तिसरा मार्ग तंतूंचा. आपल्याकडे मातीच्या भिंतीत आणि विटांत भुसा, गवत घालतात ते याचसाठी. भिंतीला चिर गेली तरी गवताच्या काड्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. कार्बाइडसाठी मात्र काडीही आगीत टिकणारी हवी. १९७५ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी सिलिकॉन असलेल्या एका बहुवारिकाचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या लांब साखळीच्या पदार्थाचे, आधी धागे काढले आणि मग ते भाजून सिलिकॉन कार्बाइडचे धागे तयार केले. फ्रान्समध्ये बोर्दो येथे रॉजे नास्लँ आणि सहकाऱ्यांनी अशा तंतूंच्या विणलेल्या सांगाड्यात वायू सोडून, त्या वायूतून आतल्या आत सिलिकॉन कार्बाइड साठवण्याचे तंत्र विकसित केले. हे काम शेकडो तास चालते. यात तंतूंवर कार्बनचा अगदी पातळ थर मुद्दाम दिलेला असतो. तो नसेल तर तंतू आणि भोवतालचा पदार्थ इतके घट्ट चिकटतात की चिर तंतूही कापून पुढे जाते. तंतूने धरून ठेवायला हवे, पण थोडे घसरायलाही हवे.

भट्टीतल्या अडचणी

झिर्कोनियम, हाफ्नियम, टँटलम यांची कार्बाइडे भाजणे तर आणखी अवघड. त्यांचे अणू इतके घट्ट बांधलेले की तापवूनही जागा बदलायला तयार नसतात. कणांमधल्या पोकळ्या भरतच नाहीत. म्हणून पूड ग्रॅफाइटच्या साच्यात भरून, साधारण दोन हजार अंशांच्या आसपास तापवतानाच तीनशे वातावरणाएवढा दाब देतात. जपानच्या कियोशी इनोउए यांच्या १९६० च्या दशकातल्या पेटंटांपासून सुरू झालेली पद्धत याहून चपळ आहे. तिच्यात साच्यातूनच विद्युतप्रवाह सोडतात. तासांचे काम मिनिटांत होते, कण फुगायला वेळच मिळत नाही, आणि बारीक कणांचा तुकडा अधिक बळकट निघतो.

हवेत आणखी एक संकट असते. हाफ्नियम कार्बाइड तापले की त्यातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून वायुरूपाने निघून जातो आणि मागे सच्छिद्र, भेगाळलेले ऑक्साइड उरते. त्यात सिलिकॉन कार्बाइड मिसळले तर त्याची सिलिका होते, आणि ती काचेसारखी पातळ होऊन छिद्रे बुजवते. ही युक्ती अमेरिकेत १९६० च्या दशकात कार्बाइडांच्या चुलत घराण्यावर, म्हणजे झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांच्या बोराइडांवर, प्रथम नीट अभ्यासली गेली. पुढे २१ मे १९९७ रोजी हाफ्नियम बोराइड आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे टोकदार नाक लावलेले यान क्षेपणास्त्रावरून सोडून पाहण्यात आले. २८ सप्टेंबर २००० च्या दुसऱ्या उड्डाणात अशाच पदार्थांच्या पट्ट्या परत मिळवता आल्या, पण त्यांना तडे गेलेले होते. दोष सूत्रात नव्हता, तुकडे बनवतानाच्या उणिवांत होता.

तड्याची किंमत माणसांनीही मोजली आहे. कोलंबिया यानाच्या पंखांच्या कडा कार्बनच्या तंतूंनी मजबूत केलेल्या कार्बनच्या होत्या, वर सिलिकॉन कार्बाइडचा लेप. सोळाशे अंशांची उष्णता त्या सहज सोसत. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी टाकीवरचा फोमचा एक तुकडा, वजन जेमतेम पाऊण किलो, डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परत येताना तिथल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले, आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कड उष्णतेने हरली नव्हती, आघाताने हरली होती.

म्हणूनच आज या क्षेत्रातल्या प्रयोगशाळा ‘किती अंशांना वितळते’ यापेक्षा ‘तडा गेल्यावर काय होते’ या प्रश्नावर अधिक वेळ खर्च करतात. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नोझल तयार केले. त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे. २ एप्रिल २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे ते २०० सेकंद चालवून तपासले गेले.

वर्गात करून पाहा

चार हजार अंशांची भट्टी शाळेत आणता येणार नाही, पण तडा आणता येतो. शाडूच्या मातीच्या १५ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर जाड अशा सहा पट्ट्या करा. तीन साध्या, तिघींच्या मातीत काथ्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे मिसळा. सावलीत पूर्ण वाळू द्या. पट्टी दोन विटांवर आडवी ठेवा, मधोमध दोरीने एक डबा टांगा आणि डब्यात चमच्या-चमच्याने वाळू टाका.

साधी पट्टी कोणतीही सूचना न देता एकदम तुटेल. काथ्याची पट्टी आधी चिरेल, वाकेल, पण डबा काही काळ धरून ठेवील. वाळूचे वजन दोन्ही वेळा लिहून ठेवा. पहिला तडा जाण्याच्या वेळचे वजन दोन्हींत फारसे वेगळे नसेल, असाही अनुभव येईल. तेव्हा मुले गोंधळतील. तसे झाल्यास उत्तर लगेच सांगू नका. बळकट असणे आणि चिवट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, हा प्रश्न त्यांच्याकडेच सोपवा, आणि दोन्हीसाठी वेगवेगळे मोजमाप कसे घेता येईल हे त्यांनाच ठरवू द्या.